माळ पुन्हा उभा करायचा, पण कुणाच्या घामावर?

गायरानाचा विषय निघाला की दोनच आवाज ऐकू येतात. एक म्हणतो, अतिक्रमणं हटवा आणि झाडं लावा. दुसरा आपला. तो म्हणतो, कसणाऱ्याच्या नावावर सातबारा करा. आपली मागणी न्याय्य आहे आणि ती सोडायची नाही. पण नांगराखाली न आलेला, मुरूम उपसून खड्डे पडलेला, गाजर गवताने आणि वेड्या बाभळीने भरलेला जो माळ गावोगाव उरला आहे, त्याचं काय करायचं यावर चळवळ बोलतच नाही. आपण गप्प राहतो, म्हणून 'पर्यावरण' हा शब्द दुसऱ्याच्या हातात जातो आणि आपल्याच वस्तीवर नोटीस होऊन येतो.

आधी हक्काचं स्पष्ट करू. दादासाहेब गायकवाडांनी 1959 आणि 1964 साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले, लोकांनी तुरुंग भरले. त्या रेट्यातूनच पुढे 28 नोव्हेंबर 1991 चा शासन निर्णय आला आणि 14 एप्रिल 1990 पूर्वीची मागासवर्गीय भूमिहीनांची गायरानावरची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं. सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणं काढा, असं सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा 2011 चा जगपाल सिंग निकाल आपल्याविरुद्ध नेहमी फेकला जातो. त्याच निकालात भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाच्या अधिसूचनेने दिलेल्या जमिनींचा अपवाद केलेला आहे. नोटीस घेऊन येणारा अधिकारी हा भाग वाचून दाखवत नाही. तो आपल्या पोरांनी पाठ करावा.

आता माळाबद्दल. इंग्रजांच्या महसूल खात्याने ज्या जमिनीतून सारा येत नाही ती पडीक ठरवली, आणि आपल्या सरकारने तो शब्द तसाच पुढे चालवला. पडीक म्हणजे रिकामी, रिकामी म्हणजे झाडं लावायला मोकळी. 2016 ते 2019 या काळात राज्यात 2 कोटी, 4 कोटी, 13 कोटी आणि शेवटी 33 कोटी वृक्षलागवडीची लक्ष्यं जाहीर झाली. लक्ष्य आलं की खड्डे मोजायचे असतात. माळावर लवकर वाढणारं आणि जनावर फारसं तोंड न लावणारं झाड हवं, मग गिरीपुष्प लावा. हे झाड मध्य अमेरिकेचं. वीतभर माती, खाली मुरूम आणि पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस अशा दख्खनच्या माळाची खरी संपत्ती गवत आहे: पवन्या, मारवेल, कुसळी. धाविक आणि चंडोल उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. लांडगा, चिंकारा, खोकड याच माळावर जगतात. सोलापूर-अहमदनगरच्या माळांवर 1979 साली माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झालं, आणि आज महाराष्ट्रात एक माळढोक दिसला तरी बातमी होते. दाट झाडी लावली की गवत सावलीत मरतं आणि माळाचं सगळं जग त्याच्याबरोबर जातं. कागदावर मात्र हिरवळ वाढलेली असते.

बिघडलेला माळ परत उभा करायची रीत अवघड नाही, पण चिकाटीची आहे. वेडी बाभूळ नुसती तोडून भागत नाही, बुडख्यातून ती दुप्पट फुटते. ती मुळासकट काढावी लागते. पावसाळ्यानंतर जवळच्याच चांगल्या माळावरून गवताचं बी झोडून आणायचं, मारवेलाचे ठोंब लावायचे. जेसीबीने खोल चर खणून उरलीसुरली माती उलथायची नाही. आणि दोन-तीन पावसाळे तिथे चराई थांबवायची.

खरा प्रश्न इथे सुरू होतो. चराई कुणाची थांबते? बागायतदाराच्या गोठ्यात ऊसाचं वाढं असतं, पेंड असते. गायरानावर जगते ती भूमिहीन बाईची शेळी आणि मेंढपाळाचा कळप. 'आदर्श गाव' योजनेच्या पंचसूत्रीत चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान एकाच दमात आले. त्याचं कौतुक खूप झालं. आपण हिशोब मांडावा. माळावर पाणी मुरलं तर विहीर कुणाची भरते? ज्याच्याकडे विहीर आहे त्याची. त्याच्यासाठी श्रमदान ही गुंतवणूक आहे. ज्याच्याकडे गुंठाही नाही, त्याच्यासाठी ते फुकट काम आहे, आणि गावासाठी फुकट काम म्हणजे काय हे आपल्या आज्या-पणज्यांना विचारायची गरज नव्हती. बाबासाहेबांनी महार वतनाविरुद्ध 1928 साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणलं ते याच बिगारीविरुद्ध. (वतनं कायद्याने संपायला पुढे तीस वर्षं लागली.)

म्हणून माळ वाचवण्याला विरोध करणं चूक, आणि अटीशिवाय होकार देणं त्याहून मोठी चूक. कसलेले, नियमित होऊ शकणारे तुकडे आधी मोजून कसणाऱ्यांच्या नावावर व्हावेत, मग उरलेल्या माळाचा आराखडा. बी गोळा करण्यापासून राखणीपर्यंत प्रत्येक दिवसाची मजुरी रोख मिळावी. ज्या राज्याने 1977 साली रोजगार हमीचा कायदा केला त्याला हे अशक्य नाही. चराई एकदम सगळीकडे बंद न करता माळाचे भाग पाडून आलटून-पालटून थांबवावी, आणि बंद भागातलं कापलेलं गवत शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्या कुटुंबांना फुकट मिळावं. त्याचा लिलाव करून दूधवाल्यांच्या घशात घालायचं नाही. लांडग्याने शेळी मारली तर भरपाई त्याच महिन्यात.

यातलं काही आपण मागितलं नाही तर जमीन मोकळी राहणार नाही. सौर कृषी वाहिनी योजनेत गायरानं आत्ताच सौर प्रकल्पांना दिली जात आहेत. भूमिहीनाने गायरान कसलं की ते अतिक्रमण, आणि कंपनीने कुंपण घातलं की विकास. तिथे ना शेळी चरते, ना चंडोल अंडी घालतो.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेआधी तलाठ्याकडून गायरानाचा गट नंबर, क्षेत्र आणि नकाशा काढून घ्या. किती कसलं, किती उपसलं, किती कंपनीला दिलं आणि किती माळ शिल्लक आहे हे वस्तीतल्या बायांना सोबत घेऊन चालत जाऊन बघा. कुठे कोणतं गवत यायचं ते त्यांना माहीत आहे. ठराव त्यांच्या तोंडून लिहून घ्या आणि इतिवृत्तात नोंदवल्याशिवाय उठू नका.