कुत्र्याला खेळायला काय द्यावे?



आमच्या वाघ्याला आंब्याची कोय मीच टाकली होती. २०२४ च्या मे महिन्यातली गोष्ट. मी ओट्यावर बसून आंबे चोखत होते आणि वाघ्या समोर शेपूट हलवत उभा. कोय भिरकावली की तो झेप घेऊन धरायचा आणि परत माझ्यापुढे आणून टाकायचा. मला मोठी गंमत वाटे. एकदा मात्र त्याने कोय आणलीच नाही. गिळली. मी हसले नि दुसरी टाकली.

दोन दिवसांनी वाघ्या ओकायला लागला. भाकरी पुढे ठेवली तर नुसती हुंगायचा आणि तोंड फिरवायचा. आजी म्हणाली, "काही होत न्हाई गं, कुत्र्याला दगडसुद्धा पचतोय." चौथ्या दिवशी बाबांनी त्याला टेम्पोत घालून तालुक्याला गुरांच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी पोट चाचपले आणि सांगितले की, कोय आतड्यात अडकली आहे, ओकला त्याच दिवशी आणायला हवा होता. वाघ्या परत आला नाही.

म्हणून माझे मत असे आहे की, हाताला येईल ते कुत्र्यापुढे टाकू नये. आपल्याला वाटते आपण खेळणे टाकले, त्याला वाटते खाऊ टाकला. कोय काय किंवा मक्याचे बुरकुंड काय, पोटात विरघळत नाही, आतड्यात बूच मारल्यासारखे बसते. शिजवलेले हाड टचकन फुटते आणि त्याच्या कपच्या सुईसारख्या टोचतात. सुतळी, लोकर, मांजा यांना तर आपण काही समजतच नाही. पण लांब दोरा पोटात गेला की, लेंग्याच्या नाडीवर कापड गोळा होते ना, तसे आतडे त्याच्यावर गोळा होते आणि कापले जाते.

चेंडूचीही तीच गत. आपण आपल्या मुठीत बसेल असा चेंडू घेतो. मी म्हणते, खेळणार कोण? चेंडू कुत्र्याच्या तोंडाच्या मापाने घ्यावा. पूर्ण तोंडात मावला तर तो घशात जाऊन श्वास कोंडतो. दगड तर मुळीच टाकू नये. मोठ्या कुत्र्याला ४२ दात असतात, त्यातला एक तुटला तरी नवा येत नाही. खेळणे नखाने दाबून पाहावे. नख जराही रुतले नाही तर ते दातांना फार कठीण आहे.

आमचा दादा म्हणतो, "गावठी कुत्रं ते, त्याचे एवढे लाड कशाला?" दादा, गावठी कुत्र्याचा घसा काय लोखंडाचा असतो? आणि लाडाला पैसे लागतात असेही नाही.

यंदा आमच्याकडे नवीन पिल्लू आले आहे. त्याच्यासाठी मी आईच्या जुन्या सुती लुगड्याच्या तीन पट्ट्या घेतल्या, घट्ट वेणी घातली आणि दोन्ही टोकांना मोठ्या गाठी मारल्या. लुगडे निळे होते ते बरे झाले. कुत्र्याला निळा आणि पिवळा रंग चांगला कळतो, हिरव्या गवतात लाल वस्तू त्याला पटकन दिसत नाही. वेणीचे धागे सुटायला लागले की ती चुलीत घालायची आणि दुसरी करायची. खेळून झाले की खुंटीवर टांगायची, त्याच्यापाशी ठेवायची नाही. जुनी चप्पलही देऊ नका, त्याला जुनी-नवी कळत नाही. आमच्याकडे पाहुण्यांची गेली!

एक राहिलेच. आपला हात हे खेळणे नव्हे. पिल्लू बोटे चावते तेव्हा गुदगुल्या होतात, पण तीच सवय राहते. त्याच्या तोंडातली वस्तू ओढून घेऊ नका, त्याने सोडली की घ्या. दात लागून ओरखडा जरी उठला तरी साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा आणि घरी लपवू नका, लगेच दवाखान्यात जायचे. पिल्लाला रेबीजची लस तीन महिन्यांचे झाल्यावर टोचून घ्यावी. आमच्या पिल्लाला टोचली आहे.

ज्यांना वेणी करायची आहे त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर लिंबाखाली यावे. जुने सुती कापड घरून आणावे, पण आईला विचारून. नायलॉनचे आणू नये. कात्री माझ्याकडे आहे.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी