रिकामे हात आणि पुस्तकांची मांडणी

मागल्या रविवारी विहारातून परतताना एका भगिनीने आम्हाला वाटेत गाठले. म्हणाली, "जयभीम भाऊ. तुम्ही पोरांच्या अभ्यासावर लिहिता, सुनांवर लिहिता. पण आमचे मालक रिटायर होऊन सहा महिने झाले, त्यांच्यावर कोण लिहिणार? सकाळपासून खाटेवर बसून असतात. चिडचिड करतात. संध्याकाळ झाली की पाय नको तिकडे वळतात. सांगा, काय करू?"

आम्ही रस्त्यात काय उत्तर देणार? म्हणालो, "ताई, पुढच्या अंकात लिहितो." कारण हे दुखणे आमच्याही घरचे आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, आम्ही तीस वर्षे वर्कशॉपमध्ये काढली. निवृत्त झालो तेव्हा पहिले पंधरा दिवस बरे वाटले. मग पहाटे पाचला जाग यायची आणि जायला कुठे ठिकाण नसायचे. वर्तमानपत्र दोनदा वाचून व्हायचे. घरात मंडळी म्हणाल्या, "अहो, बसून बसून गंजाल. नातीची पुस्तकं खाटेखाली धूळ खाताहेत, त्यांना एक मांडणी तरी करा."

आम्ही जुन्या बाजारातून पॅकिंगच्या खोक्यांच्या देवदारी फळ्या आणल्या. एक करवत, एक लहान रंधा, गुण्या, हातोडी आणि गिरमिट घेतले. रात्री मुलगा ऑफिसातून आला, दारात भुसा पाहिला आणि त्याचा चेहरा पडला. म्हणाला, "बाबा, आजोबांनी पाटलाच्या दारात लाकडं फोडली. तुम्ही तीस वर्षं हातोडी मारलीत. आता सुटलात, तर पुन्हा करवत हातात? आपण शिकलो ते याच्यासाठी का?"

त्या रात्री आम्हाला लवकर झोप लागली नाही. मुलाचे खोटे नव्हते. आपल्या वाडवडिलांच्या हातांना विसावा नव्हता, आणि कोणते काम करायचे हे ठरविण्याचा अधिकारही नव्हता. बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या परिषदेसाठी भाषण लिहिले. ते होऊ दिले नाही, तेव्हा पुस्तकरूपाने छापले. त्यात त्यांनी हेच दाखवून दिले आहे की, जात माणसाची आवड किंवा कुवत न पाहता जन्मावरून काम गळ्यात बांधते, आणि अशा कामात माणसाचे मन रमत नाही.

पडल्या पडल्या आम्ही विचार केला, आजोबांनी फोडलेली लाकडे दुसऱ्याच्या चुलीत गेली. ही फळी आमच्या नातीच्या पुस्तकांखाली जाणार आहे. ते काम लादलेले होते, हे आम्ही निवडलेले आहे. हात तेच, अवजारही तसेच, पण हुकूम कोणाचा यात सगळा फरक आहे. कामाची लाज आपण धरायची नाही, लाज सक्ती करणाऱ्याला वाटली पाहिजे. खुद्द बाबासाहेब एवढे कामात बुडालेले असत, तरी व्हायोलिन शिकले, बागेत रमले, लहर लागली की स्वयंपाकही करीत. आणि पुस्तकांना जागा हवी म्हणून तर त्यांनी दादरला 'राजगृह' बांधले. आम्हाला राजगृह जमणार नाही, तीन फळ्यांची मांडणी जमेल.

आता ज्यांना करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी चार अनुभवाच्या गोष्टी.

खोक्याची फळी घेताना तिच्यावरचा शिक्का पाहा. परदेशी मालाच्या खोक्यांवर 'एचटी' असेल तर लाकूड उष्णता देऊन किडमुक्त केलेले असते, ते घ्या. 'एमबी' असेल तर विषारी वायूची धुरी दिलेली असते, ते घरात आणू नका. रंधा मारण्याआधी एकूणएक खिळा उपटा, नाहीतर पात्याची धार जाते. स्क्रूला आधी गिरमिटाने बारीक भोक पाडा. तसाच पिळलात तर फळी टोकाला चिरते.

पुस्तकांचे वजन फार असते. पाऊण-एक इंची फळी अडीच फुटांपेक्षा लांब ठेवू नका, मध्ये झोळ पडतो. फळीची जाडी दुप्पट केली तर ती आठपट कमी वाकते, हे लक्षात ठेवा. फळीच्या टोकात मारलेला स्क्रू नीट धरत नाही, म्हणून प्रत्येक फळीखाली दोन्ही बाजूंना आडवी पट्टी फेविकॉल व स्क्रूने बसवा आणि रात्रभर हलवू नका. मांडणी जमिनीपासून चार बोटे उंच आणि भिंतीपासून दोन बोटे दूर ठेवा. पावसाळ्यात ओल लागत नाही आणि वाळवी चढली तर लगेच दिसते.

आमची पहिली मांडणी उभी केली तेव्हा ती डुलत होती. गुण्या लावून पाहिला, पण आमच्या डोळ्यांना आता बारीक फट दिसत नाही. आठवीतली नात टेप घेऊन बसली. म्हणाली, "आजोबा, एका कडेवर ९ इंचांवर खूण करा, दुसरीवर १२ इंचांवर. दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर १५ भरलं तर कोपरा काटकोनात." भरले साडेपंधरा! शाळेतला पायथागोरस असा आमच्या खोलीत कामाला आला. मग स्क्रू सैल करायचे ठरले, पण चौकट दाबून धरायला आमचे दोन हात पुरेनात.

मुलगा मोबाईल पाहत बसला होता. काही न बोलता उठला आणि चौकट धरली. नातीने स्क्रू पिळले. शेजारच्या काकू दारातून म्हणाल्या, "पोरीच्या हाती कसली अवजारं देता?" आमच्या मंडळी म्हणाल्या, "तिच्या हाती पेन दिलं तेव्हाही असंच विचारलं होतं लोकांनी."

ताई, हे सगळे तुमच्यासाठी लिहिले. तुमच्या मालकांना उपदेश करू नका, तो आम्हीही ऐकला नसता. त्यांच्यापुढे घरातले एक अडलेले काम ठेवा. मोडलेले स्टूल असेल, नातवाची सायकल असेल, गॅलरीत मिरची-कोथिंबिरीच्या कुंड्या असतील. जे त्यांना आवडेल ते. पहिले काम वाकडे होईल. हसू नका. दुसरे सरळ होते.

आमची मांडणी आज भिंतीशी उभी आहे. वरच्या फळीवर बाबासाहेबांचे ग्रंथ, मधल्या फळीवर नातीची पुस्तके. खालची फळी अजून रिकामी आहे. ती मुलाने मागितली आहे. काय ठेवणार विचारले, तर म्हणाला, "करवत आणि रंधा. खाटेखाली गंजतील."

जयभीम!