बालवाडीची ताई व्हायचे तर

मुलगी बारावी झाली की वर्धा काय, हिंगणघाट काय, आर्वी काय, घरोघरी एकच विषय निघतो : पुढे काय? मग कोणीतरी सुचवते, "बालवाडीचा कोर्स लाव. लेकरंच तर सांभाळायची!"

काम एवढे सोपे नाही. आपल्या सेवाग्रामला शांता नारुळकरांनी सात वर्षांखालच्या मुलांसाठी 'पूर्व-बुनियादी' शिक्षण उभे केले. स्वच्छता, जेवण, खेळ, हातकाम हाच तिथला अभ्यास. तिकडे बोर्डीला ताराबाई मोडकांनी १९४५ साली बालवाडी काढली. दलित वस्तीतली मुले येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच त्या मुलांच्या अंगणात नेली. ती 'अंगणवाडी'. त्याच अंगणातली लेक आज शिक्षिका होऊ पाहते. तिचे प्रशिक्षण पक्के हवे.

म्हणून फी भरण्याआधी एकच विचारा : कोर्सला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता आहे का? परिषदेच्या २०१४ च्या नियमांनुसार पूर्वप्राथमिक शिक्षणाची पदविका दोन वर्षांची आहे. बारावीला ५० टक्के गुण लागतात, राखीव प्रवर्गाला सवलत आहे. मान्यतेचे पत्र स्वतः पाहा. मान्यता नसेल तर भारत सरकारची शिष्यवृत्तीही मिळत नाही. मजुरीचा पैसा जातो, वर्षही जाते.

अंगणवाडी सेविकेला बारावी आणि गावचा रहिवास लागतो. पण तिला पगार नाही, मानधन मिळते. हे आधीच समजून घ्या.

आईबापांनो, लग्न दोन वर्षे थांबले तरी चालेल. लेकीचे शिक्षण थांबवू नका.