सुटींतील प्रवास आणि आयमथचें बंदर

देशाटनानें मनुष्य शहाणा होतो, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु देशाटन करणारे सर्वच शहाणे होऊन परत येतात, असा अनुभव मात्र नाहीं. कोणी छायाचित्रें घेऊन येतो, कोणी खाण्यापिण्याच्या गोष्टी घेऊन येतो. आणि जें पाहण्यासारखें असतें तें तेवढें पाहावयाचें राहून जातें. गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत माझीही गत अशीच व्हावयाची होती, ती थोडक्यांत टळली. तो प्रसंग विद्यार्थी मित्रांस व त्यांच्या पालकांस सांगावा, आणि त्यावरून जें माझें मत बनलें तें त्यांच्यापुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

मुंबईचें विल्सन कॉलेज ज्यांच्या नांवानें ओळखलें जातें, ते डॉ. जॉन विल्सन स्कॉटलंडांतील बेरिकशर परगण्यांतले. लॉडर या गांवीं १८०४ सालीं ते जन्मले व १८२९ सालीं मुंबईस आले. त्यांचें जन्मस्थान पाहावें या इच्छेनें मी त्या प्रांतीं गेलों होतों. तें पाहून झाल्यावर एक दिवस हातीं उरला. त्याच परगण्याच्या किनाऱ्यावर, इंग्लंडच्या सीमेपासून थोड्याच मैलांवर, आयमथ नांवाचें मासेमारीचें जुनें गांव आहे. तेथें तो दिवस घालवावा असें ठरवून मी बेरिक शहराहून बसनें निघालों.

गांव खरोखरच मनोहर आहे. आय नांवाची लहानशी नदी जेथें समुद्रास मिळते तेथेंच बंदर असून, त्यावरूनच गांवास आयमथ, म्हणजे आय नदीचें मुख, असें नांव पडलें आहे. एकमेकांस खेटून उभीं असलेलीं दगडी घरें, त्यांमधून जाणाऱ्या अरुंद गल्ल्या, धक्क्याला लागलेले मचवे, आणि मासळीच्या तुकड्याच्या आशेनें पाण्यांतून डोकें वर काढणारे सील, हें सर्व पाहून मुलांना आनंद व्हावा यांत नवल नाहीं. बंदराच्या पलीकडच्या अंगास गन्सग्रीन नांवाचा एक टोलेजंग वाडा आहे. जॉन निस्बेट नांवाच्या चोरट्या व्यापाऱ्यानें तो १७५३ सालीं बांधविला. त्या काळीं चहावर जबर जकात असे, म्हणून चहा रात्रीं चोरून उतरवावयाचा व या वाड्याच्या भिंतींत केलेल्या गुप्त जागांत लपवावयाचा, असा त्याचा उद्योग. १७८४ सालीं पार्लमेंटानें ही जकात शेंकडा शंभराहून अधिक होती ती साडेबारावर आणली, तेव्हां या धंद्यांतला नफाच संपला. त्या गुप्त जागा पाहून मंडळी फार खूष होतात; मीही झालों. दुपारीं बांकावर बसून तळलेली मासळी खाल्ली, आणि दिवस सार्थकीं लागला असें समजून परत निघालों.

जातां जातां समुद्रकांठीं एक स्मारक दिसलें. ब्राँझच्या लहान लहान आकृति एका ओळींत उभ्या आहेत. सर्व बायका व मुलें. सर्वांचीं तोंडें समुद्राकडे. जिल वॉटसन या शिल्पकर्त्रीचें हें काम २०१६ सालीं येथें बसविण्यांत आलें. या बायका काय पाहत आहेत, असें मीं जवळच्या एका वृद्ध गृहस्थास विचारलें. त्यांनीं कांहीं न बोलतां बंदराच्या तोंडाशीं पाण्यांतून वर आलेले काळे खडक हातानें दाखविले. त्या खडकांस हर्कर म्हणतात.

ता. १४ ऑक्टोबर १८८१ हा शुक्रवार होता. त्यापूर्वीं बरेच दिवस हवा खराब असल्यामुळें मचवे बंदरांतच अडकून पडले होते. त्या दिवशीं सकाळ स्वच्छ उगवली, समुद्र शांत दिसला, आणि मचवे बाहेर पडले. दुपारच्या सुमारास एकाएकीं आकाश काळें झालें व भयंकर तुफान उठलें. कित्येक मचवे भर समुद्रांत उलटले. कित्येक मोठ्या शर्थीनें बंदराच्या तोंडापर्यंत आले आणि तेथें हर्करच्या खडकांवर आपटून फुटले. धक्क्यावर उभ्या असलेल्या बायकामुलांच्या डोळ्यांदेखत, हाकेच्या अंतरावर, त्यांचीं माणसें बुडालीं. त्या दिवशीं या किनाऱ्यावरचे १८९ पुरुष मरण पावले. त्यांपैकीं १२९ एकट्या आयमथचे, २४ शेजारच्या बर्नमथचे आणि ११ कोव्हचे. एक मचवा मात्र बंदराकडे न वळतां खोल समुद्रांतच लाटांशीं झुंजत राहिला व जवळजवळ दोन दिवसांनीं सुखरूप परत आला. जें बंदर आसरा म्हणून बांधलेलें, त्याच्याच दारांत मृत्यु. आणि जो दारापासून दूर राहिला तो वांचला!

ही हकीकत ऐकतांच माझ्यांतला शिक्षक जागा झाला. बंदरावर वायुभारमापक यंत्र होतें, आणि त्या सकाळीं त्यांतील पारा अतिशय खालीं गेलेला होता. ॲडमिरल फिट्झरॉय यांच्या खटपटीनें अशीं यंत्रें गरीब बंदरांतून पूर्वींच बसविण्यांत आलीं होतीं. १८६१ पासून तारायंत्रानें वादळाची सूचना देण्याची पद्धतही सुरू झाली होती. मग या लोकांनीं शास्त्राचें कां ऐकलें नाहीं? आपल्या वर्गांत सांगण्यास ही गोष्ट किती उत्तम, असें माझ्या मनांत आलें. तात्पर्यही तयार होतें: 'अज्ञान व अविचार यांचें फळ'.

परंतु गांवाचा इतिहास थोडा अधिक वाचल्यावर हें तात्पर्य मला टाकून द्यावें लागलें, आणि तें बनविल्याची लाजही वाटली. पारा उतरला आहे हें त्या लोकांस दिसत होतें. पण घरांत अन्न नाहीं हेंही दिसत होतें. बायकांनीं व मुलांनीं कालवें सोलून एकेका दोराच्या शेंकडों गळांस आमिष लावून ठेवलेलें. मचवा आणखी थांबला कीं तें कुजणार व ते श्रम फुकट जाणार. अशा स्थितींत समोर शांत समुद्र दिसत असतां जो घरीं बसेल तो विचारी खरा. परंतु त्याच्या मुलांनीं खावें काय? सावधगिरी ही सुद्धां ज्याच्या गांठीं चार पैसे आहेत त्यालाच परवडते, ही गोष्ट आपण पोट भरलेले लोक फार लवकर विसरतों.

दुसरी गोष्ट याहून कठीण आहे, आणि ती मीं ख्रिस्ती मनुष्य या नात्यानें लपवितां कामा नये. आयमथच्या कोळ्यांकडून तेथील पाळक मासळीचा दशमांश वसूल करीत असत. विल्यम स्पिअर्स नांवाच्या कोळ्याच्या पुढारीपणाखालीं लोकांनीं याविरुद्ध मोठा लढा दिला. आज त्याचा पुतळा गांवांत उभा आहे. शेवटीं १८६० नंतरच्या दशकांत २,००० पौंड देण्याचें कबूल करून त्यांनीं ही पट्टी सोडवून घेतली. बंदराचें तोंड अरुंद व खडकाळ, ओहोटीच्या वेळीं आंत शिरणें अशक्य; तें सुधारावें असें सर्वांस वाटत होतें. तरी त्याकरितां पैसा वेळेवर उभा राहिला नाहीं, याचें एक कारण म्हणून इतिहासकार या दशमांशाच्या तंट्याकडेच बोट दाखवितात. ज्या प्रभूनें आपले पहिले शिष्य कोळ्यांतूनच निवडले, त्याच्या नांवावर कोळ्यांच्या टोपलींतून दहावा हिस्सा काढावा, आणि त्यांच्या बंदराचें दार तसेंच खडकाळ राहावें, याहून लाजिरवाणें तें काय? अपघात झाल्यावर दयाळू लोकांनीं ५४,००० पौंड जमविले. ती दया खरी होती. परंतु तिचा थोडासा अंश आधीं आला असता, तर कदाचित् त्या स्मारकावरच्या आकृति थोड्या झाल्या असत्या. पुढें शंभराहून अधिक वर्षांनीं, १९९० नंतरच्या दशकांत, बंदराचा मार्ग खोल करण्याचें मोठें काम झालें.

माझें मत यावरून असें बनलें कीं, संकटांत सांपडलेल्या गरिबास अविचारी म्हणण्यापूर्वीं त्याच्यापुढें दुसरा मार्ग कोणता होता, हें पाहणें प्रत्येक सुशिक्षित मनुष्याचें कर्तव्य आहे. सूचना देणें हें अर्धें काम. ती सूचना पाळणें शक्य होईल अशी तजवीज करणें हें दुसरें अर्धें. आपल्या किनाऱ्यावरही याचा दाखला आहे. २०१७ सालच्या डिसेंबर महिन्यांत ओखी वादळ झालें, तेव्हां केरळ व तमिळनाडूकडील कितीतरी नौकांनीं सिंधुदुर्गांतील देवगड बंदराचा आसरा घेतला व त्यांवरील माणसें वांचलीं. बंदर वेळेवर मिळालें, एवढाच काय तो आयमथशीं फरक! आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना समुद्रांत मासेमारी करण्यास बंदी असते. हा नियम योग्यच आहे. तथापि त्या ६१ दिवसांत कोळ्याच्या घरची चूल कशी पेटते, हा प्रश्न बाजारांत मासळीच्या भावाबद्दल घासाघीस करणाऱ्या आपल्यांपैकीं किती जणांच्या मनांत येतो?

विद्यार्थी मित्रहो, सुटींत तुम्ही प्रवासास अवश्य जा. सील पाहा, वाडे पाहा, गुप्त जागा पाहून हंसा. त्यांत कांहीं वाईट नाहीं. परंतु कोणत्याही गांवाहून निघण्यापूर्वीं तेथल्या एखाद्या वृद्ध मनुष्यास दोन प्रश्न विचारा: येथील लोक पोट कसें भरतात, आणि त्यासाठीं त्यांना काय सोसावें लागलें? पालकांसही माझी विनंति आहे कीं, मूल प्रवासाहून परत आलें म्हणजे त्यानें काय काय पाहिलें एवढेंच न विचारतां, कोणाशीं बोललास, हेंही विचारावें. मी स्वतः त्या वृद्ध गृहस्थास प्रश्न न विचारतां बस गांठली असती, तर आयमथहून तळलेल्या मासळीची आठवण तेवढी घेऊन आलों असतों. आणि ती मासळी कोणीं, कशी व कोणत्या किंमतीस आणली, हें मला आजही ठाऊक नसतें.