पन्नास लाखांतला मधला

१९९८ सालच्या ‘अँट्झ’ या ॲनिमेशनपटाची सुरुवातच झी या कामकरी मुंगळ्याच्या रडगाण्यानं होते: पन्नास लाख भावंडांत मधला, मग लाड कोण करणार? वुडी ॲलनच्या कुरकुऱ्या आवाजात हे ऐकताना हसू आवरत नाही. गुत्त्यात सगळे एकाच ठेक्यावर, रांगेत नाचतात. हा पठ्ठ्या मात्र राजकन्या बालाला ओढून वाटेल तसे हातपाय झाडतो आणि प्रकरण हाणामारीवर जातं. युद्धाचा भाग लांबलाय. पण स्वातंत्र्याची पंढरी म्हणून गाजलेलं इन्सेक्टोपिया म्हणजे माणसांच्या सहलीचा ओसंडलेला कचरा, ही खोच झकास! खऱ्या वारुळात कामकरी सगळ्या माद्याच, म्हणा. पण मग वुडी ॲलनला काम कुठलं देणार?