खान्देशातील कलाशिक्षण : वाट मुंबईकडेच का?

धुळे शहरालगतचे गोंदूर हे गाव एरवी चर्चेत येते ते तेथील धावपट्टीमुळे. डिसेंबर २०२५ मध्ये मात्र या गावाचे नाव देशभरातील वृत्तपत्रांत झळकले. सरदार पटेल यांच्या १८२ मीटर उंचीच्या पुतळ्याचे शिल्पकार राम सुतार यांनी वयाच्या शंभरीनंतर जगाचा निरोप घेतला. १९ फेब्रुवारी १९२५ रोजी याच गोंदूरमध्ये एका सुताराच्या घरी त्यांचा जन्म झाला होता. 'खान्देशचा सुपुत्र' म्हणून श्रद्धांजलीचे सोपस्कार यथासांग पार पडले. एक प्रश्न मात्र त्या गर्दीत कोणी विचारला नाही. आज गोंदूरमध्ये किंवा चोपड्याच्या एखाद्या खेड्यात असाच मुलगा किंवा मुलगी असेल, तर तिच्या हातातील कलेला वळण देणारी व्यवस्था खान्देशात उभी राहिली आहे काय?

सुतार यांची वाट ठरली ती एका शिक्षकामुळे. श्रीराम कृष्ण जोशी या गुरूंनी त्यांच्यातील गुण हेरला आणि त्यांना मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयाची दिशा दाखवली. तेथे १९५३ मध्ये त्यांनी मेयो सुवर्णपदक मिळवले. पुढे १९५४ ते १९५८ या काळात पुरातत्त्व खात्यात राहून त्यांनी अजिंठा-वेरूळच्या शिल्पांच्या दुरुस्तीचे काम केले आणि नंतर दिल्ली गाठली. खान्देशच्या वेशीवर असलेल्या अजिंठ्याला हात लावण्यासाठी धुळ्याच्या मुलाला आधी मुंबईला जावे लागले, यातच सगळे आले.

अजिंठा उंबऱ्यावर, शाळा दूर

हा प्रवास नवा नाही. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून १८५७ मध्ये मुंबईत कलाशाळा सुरू झाली. याच शाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती तयार केल्या. लंडनला पाठवलेल्या या चित्रांपैकी बरीच १८८५ च्या आगीत नष्ट झाली. पण त्या लेण्यांत बसून घेतलेले रेखांकनाचे धडे एका पिढीच्या हातात उतरले. अजिंठा प्रशासकीयदृष्ट्या मराठवाड्यात असला, तरी रेल्वेने येणारा प्रवासी जळगावलाच उतरतो आणि साठेक किलोमीटरवरील लेण्यांकडे निघतो. जगभरच्या कलावंतांचे हे तीर्थ जळगावकरांच्या मात्र सहलीपुरतेच उरले.

खान्देशाला कलेचे वावडे होते, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. डिसेंबर १९३६ मध्ये पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली यावल तालुक्यातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. त्याची सजावट करण्यासाठी महात्मा गांधींनी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस यांना पाचारण केले. ज्यांनी तरुणपणी अजिंठ्यात राहून चित्रांच्या नकला केल्या होत्या, तेच नंदलाल बोस फैजपुरात बांबू आणि गावात मिळणाऱ्या साध्या साहित्यातून एक नगर उभे करून गेले. परिसरातील साहित्य, परिसरातील कारागीर आणि कमीत कमी खर्च ही त्या कामाची चौकट होती. आज अभिकल्प म्हणजे डिझाइनच्या महागड्या संस्थांत हेच तत्त्व मोठ्या अभिमानाने शिकवले जाते. खान्देशाने ते नऊ दशकांपूर्वी प्रत्यक्ष पाहिले होते. त्याचे शिक्षणात रूपांतर करणे तेवढे राहून गेले.

चाळीसगावचे केकी मूस हे याच उणिवेचे दुसरे उदाहरण. १९१२ मध्ये जन्मलेल्या या पारशी कलावंताने आयुष्याची जवळजवळ पाच दशके चाळीसगावच्या आपल्या घरात एकांतात काढली आणि छायाचित्रण, चित्रकला, शिल्प, काष्ठकाम यांत विलक्षण काम केले. टेबलावर मांडलेल्या लहानसहान वस्तूंतून निसर्गदृश्याचा भास निर्माण करणारी त्यांची छायाचित्रे जाणकारांनी वाखाणली. १९८९ मध्ये त्यांचे निधन झाले. घराचे संग्रहालय झाले. परंतु या कलावंताची परंपरा मात्र तयार झाली नाही, कारण परंपरेसाठी शाळा लागते.

महाविद्यालये आली, पण कशाच्या आधारावर?

खान्देशात कला महाविद्यालये नाहीत असे नव्हे. जळगावात खान्देश कॉलेज एज्युकेशन सोसायटीचे ओजस्विनी कला महाविद्यालय आहे. रावेर तालुक्यातील खिरोद्यासारख्या खेड्यात जनता शिक्षण मंडळाचे सप्तपुट ललित कला भवन आहे, तर चोपड्यात भगिनी मंडळाने ललित कला केंद्र चालवले. यातील एकही संस्था सरकारने काढलेली नाही. शासनाची स्वतःची कला महाविद्यालये मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. खान्देशात एकही नाही. जे उभे राहिले ते स्थानिक शिक्षणसंस्थांच्या आणि स्वातंत्र्यचळवळीतून आलेल्या कार्यकर्त्यांच्या हौसेतून व निष्ठेतून. फैजपूर अधिवेशनाच्या धामधुमीत वाढलेल्या परिसरातच खिरोद्याचे कला भवन यावे, हा निव्वळ योगायोग मानता येणार नाही.

या प्रकारच्या महाविद्यालयांतील अभ्यासक्रमांची रचना राज्यभर साधारण सारखीच आहे. सुरुवातीला पायाभूत वर्ष. त्यात स्थिरचित्र, निसर्गचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन असे विषय. त्यानंतर रेखा व रंगकला किंवा उपयोजित कला यांतील शासकीय पदविका, म्हणजे परिचित भाषेत 'जी. डी. आर्ट'. बारावीनंतर चार वर्षांची ललित कला पदवी आणि तिच्यासाठी राज्यस्तरीय सामाईक प्रवेश परीक्षा. आणि या सर्वांच्या जोडीला चित्रकला शिक्षक पदविका, म्हणजेच 'ए. टी. डी.'. शिल्पकला, धातुकाम, मृत्तिकाकाम यांसाठी भट्टी, कार्यशाळा आणि मोठी जागा लागते. त्यामुळे जिल्ह्याच्या ठिकाणी हे विषय क्वचितच आढळतात. राम सुतारांच्या जिल्ह्यातील विद्यार्थ्याला शिल्पकलाच शिकायची असेल, तर आजही त्याला बाहेरगावची गाडी धरावी लागते.

या सगळ्या इमारतीचा खरा खांब होता तो चित्रकला शिक्षकाच्या नोकरीचा. कापूस किंवा केळीच्या उत्पन्नावर चालणाऱ्या घरातील मुलाला 'चित्रे काढून पोट भरते का?' असे विचारले जाई. त्यावर 'हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर होईन' हे एकच पटणारे उत्तर होते. मुलींच्या बाबतीत तर ते अधिकच खरे. मुंबईला राहण्याची परवानगी आणि खर्च, दोन्हींची वानवा असलेल्या घरांतील मुलींना जिल्ह्यातील महाविद्यालय आणि नंतरची शाळेतील नोकरी हाच कलेकडे जाणारा राजमार्ग होता.

हा खांब आता हलला आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक विद्यार्थी असतील, तर कला, शारीरिक शिक्षण व कार्यशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावेत, अशी तरतूद केली. कलेला कायद्यात स्थान मिळाले हे खरे; पण 'अंशकालीन' या एका शब्दाने पूर्णवेळ पदाचा आग्रह दुबळा झाला आणि लहान पटाच्या ग्रामीण शाळा तर त्यातून बाहेरच राहिल्या. कलाशिक्षकांच्या संघटना अनेक वर्षे हीच तक्रार मांडत आल्या आहेत. दुसरीकडे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना विद्यार्थ्यांची गर्दी होते, कारण त्यातील श्रेणीमुळे दहावीला वाढीव गुण मिळतात. म्हणजे परीक्षा हवी, गुण हवेत, पण शिकवणारा शिक्षक पूर्णवेळ नको, अशी ही विसंगती आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला हा शिक्षणाचा अविभाज्य भाग असल्याचे सांगितले. धोरणातील हे वाक्य वेळापत्रकात आणि वेतनपत्रकात कधी उतरणार, याचे उत्तर मात्र मिळालेले नाही.

मुंबई पुढे गेली, बाकीच्यांचे काय?

२०२३ मध्ये सर ज. जी. कला, वास्तुकला व अभिकल्प संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. पावणेदोनशे वर्षांकडे वाटचाल करणाऱ्या या संस्थेला स्वतःचा अभ्यासक्रम ठरवण्याची मोकळीक मिळणे स्वागतार्हच आहे. मात्र त्याची दुसरी बाजूही पाहायला हवी. राज्यातील लहान कला महाविद्यालये आजवर अभ्यासक्रमासाठी, परीक्षकांसाठी आणि प्रतिष्ठेसाठी 'जे. जे.'कडे पाहत आली. शिखर स्वतंत्र झाल्यावर पायथ्याशी कोणता अभ्यासक्रम राहणार, तो कोण आणि किती वर्षांनी बदलणार, हा प्रश्न जळगाव-धुळ्याच्या दृष्टीने मुंबईतील समारंभापेक्षा अधिक महत्त्वाचा आहे. अहमदाबादची राष्ट्रीय अभिकल्प संस्था १९६१ मध्ये आणि मुंबई आयआयटीचे औद्योगिक अभिकल्प केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. त्यांनी देशात एक नवा व्यवसाय निर्माण केला. त्या व्यवसायाची झुळूक खान्देशातील वर्गखोल्यांपर्यंत अपवादानेच पोहोचली.

वास्तविक येथे कामाची वाण नाही. जळगावला सुवर्णनगरी म्हणतात. दागिन्यांची घडण हा अभिकल्पाचाच विषय आहे. येथील औद्योगिक वसाहतीत प्लॅस्टिकच्या चटया विणल्या जातात. त्यावरील नक्षी कोणीतरी काढावी लागतेच. जळगावच्या केळीला आणि भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यांच्या वेष्टनाला आणि बोधचिन्हाला रूप देणारे हात याच जिल्ह्यात तयार होऊ शकतात. धुळ्यात १९२७ पासून कार्यरत असलेल्या राजवाडे संशोधन मंडळात आणि समर्थ वाग्देवता मंदिरात जपलेली हस्तलिखिते म्हणजे देवनागरी आणि मोडी अक्षरवळणांची पाठशाळाच होय. संगणकावर मराठी अक्षरे घडवणाऱ्यांना याहून चांगले साहित्य कोठे मिळणार? आणि अजिंठा-वेरूळ, पितळखोऱ्याच्या लेण्यांच्या परिसरात चित्र-शिल्पांच्या जतनाचे प्रशिक्षण देणारा पदविका अभ्यासक्रम असू नये, हे आश्चर्यच नव्हे काय?

अर्थात, अभ्यासक्रमाचे नाव बदलून 'डिझाइन' केल्याने काही साधत नाही. त्यासाठी कार्यशाळा, साधनसामग्री आणि नियमित शिक्षक लागतात. विनाअनुदानित तत्त्वावर शुल्काच्या बळावर हे उभे करायचे झाले, तर ज्या मुलांसाठी ते करायचे तीच बाहेर राहतील. शिवाय सगळ्या कलेला बाजाराच्या दावणीला बांधणेही योग्य नाही. केकी मूस यांनी बाजाराचा विचार केला असता, तर चाळीसगावचे ते संग्रहालय घडले नसते. चित्रकाराला चित्रकार म्हणून घडू द्यावे आणि त्याच छताखाली ज्याला व्यवसाय हवा त्याला व्यवसाय शिकवावा, हा समतोल राखणे कठीण असले तरी अशक्य नाही.

येथे जबाबदारी तिघांची आहे. शासनाने शाळेतील कलाशिक्षकाचे पूर्णवेळ पद राखावे आणि उत्तर महाराष्ट्रात किमान एक शासकीय कला व अभिकल्प महाविद्यालय द्यावे. कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाने स्थानिक साहित्य व उद्योगांशी जोडलेले अभ्यासक्रम आखण्यात पुढाकार घ्यावा. आणि सराफ व उद्योजकांनी तयार नक्षी बाहेरून मागवण्याआधी शेजारच्या महाविद्यालयाचे दार एकदा ठोठवावे.

गोंदूरच्या सुताराच्या मुलाला एक जागरूक शिक्षक भेटला म्हणून देशाला एक शिल्पकार मिळाला. तो शिक्षक शाळेत होता, हे विसरून चालणार नाही. राम सुतार यांचे स्मारक खान्देशात उभारण्याची मागणी उद्या होईल आणि ती रास्तही असेल. परंतु ज्या शिल्पकाराने आयुष्यभर इतरांचे पुतळे घडवले, त्याला पुतळ्याने आदरांजली वाहण्यापेक्षा धुळ्यात शिल्पकलेची एक सुसज्ज कार्यशाळा उभी राहिली, तर पुढच्या मुलाला मुंबईची वाट धरावी लागणार नाही.