स्ट्रॅट की लेस पॉल?

आमच्या होस्टेलमध्ये सध्या दोन पक्ष पडलेत. मेसच्या भाजीवरून नाही, इलेक्ट्रिक गिटारवरून! बँडसाठी वर्गणी जमली आहे आणि त्यात गिटार एकच येणार. ती स्ट्रॅटोकास्टर घाटाची घ्यायची की लेस पॉल घाटाची, यावरून कॉमन रूममध्ये रात्री दोन-दोन वाजेपर्यंत खडाजंगी चालते. (अर्थात दोन्हींच्या स्वस्त नकलाच. अस्सल गिटारींच्या किमती ऐकून रेक्टरसरांनाही घाम फुटेल.)

आधी कबुली देतो. मी मूळचा लेस पॉल पक्षाचा. गिब्सनने ही गिटार 1952 मध्ये आणली. महोगनीची जड बॉडी, वर मेपलचा थर, नेक बॉडीला चिकटवलेली. आवाज जाड आणि लांबत जाणारा. 1957 पासून तिच्यात हमबकर पिकअप आले. इलेक्ट्रिकलवाल्यांनी इथे कान टवकारावेत. त्यात दोन कॉइल असतात, एकमेकींच्या उलट जोडलेल्या, आणि त्यांच्या मॅग्नेटचे ध्रुवही उलट. बाहेरून घुसलेला हम दोन्हींत उलटसुलट होऊन कटतो, तारेच्या सिग्नलची मात्र बेरीज होते. गिब्सनमधल्या सेथ लव्हर यांचं हे काम. थिअरी पेपरात असते तेव्हा झोप येते, गिटारमध्ये दिसली की मजा येते!

स्ट्रॅट आली 1954 मध्ये. ती आणणारे लिओ फेंडर कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवायचे. स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, पण वस्तू बिघडते आणि ती कुणीतरी उघडतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांच्या गिटारची नेक चार स्क्रूंवर बसते. पिकअप तीन, सिंगल कॉइलचे. आवाज स्वच्छ, पण हम खेचणारच.

आता मी पक्ष का बदलला ते सांगतो. एका सीनियरने मागे ठेवलेली आमची जुनी गिटार लेस पॉल घाटाची होती. गेल्या गॅदरिंगच्या साउंडचेकला एका ज्युनियरचा पाय केबलमध्ये अडकला आणि गिटार स्टँडसकट आडवी झाली. हेडस्टॉक नटपाशीच मोडला. त्या घाटाचा हा जुना दुबळेपणा आहे. हेडस्टॉक मागे कललेला, त्यामुळे तिथे लाकडाचे तंतू तिरके कापले जातात, आणि वर ट्रस रॉडसाठी नेमकं तिथलंच लाकूड कोरलेलं. पुढे रिपेअरवाल्याने सरस लावून ती जोडूनही दिली, पण आमचं गॅदरिंग गेलं ते गेलंच.

पोरगं त्या दिवसापासून प्रॅक्टिसला आलं नाही. आम्ही त्याला काही बोललो नाही हे खरं, पण "असू दे रे" असंही कुणी म्हणालं नाही. मीसुद्धा नाही.

म्हणून माझं मत स्ट्रॅटला. तिचा हेडस्टॉक सरळ असतो, त्यामुळे पडली तरी तिथे मोडायची भीती कमी. आणि नेक मोडलीच, तर चार स्क्रू काढून त्याच मापाची दुसरी बसवता येते. हमचं काय, असं समोरचा पक्ष विचारतो. प्रश्न रास्त आहे, आपल्या स्टेजचं वायरिंग सगळ्यांना माहीत आहे. पण ब्रिजपाशी हमबकर बसवलेल्या स्ट्रॅट घाटाच्या गिटारीही मिळतात. लेस पॉलचा तो जाडपणा पूर्ण नाही येणार, हे मान्य. घरी एकट्यासाठी घ्यायची असती तर मी अजूनही लेस पॉलच घेतली असती.

पण ही गिटार एकट्याची नाही. तिला वीस जण हात लावणार, त्यात काही पहिल्यांदाच. जिला हात लावायला पोरं घाबरतील, ती गिटार होस्टेलची कसली?

आणि तो ज्युनियर हे वाचत असेल, तर त्याला एवढंच सांगतो: गिटार कुठलीही येवो, रविवारी संध्याकाळी कॉमन रूममध्ये ये. पहिल्यांदा तूच वाजव. स्क्रूड्रायव्हर घेऊन मी शेजारी बसतो.